वडोदकर सरांचा शनिवारचा तास

दरवर्षी हिवाळ्यात आमच्या कॉलेजची ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ असते. मी पुण्यात एमबीएच्या मुलांना मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवते, त्यामुळे ही सहल माझ्याच गळ्यात येते. सहलीचा साचा ठरलेला. एसी बस, पिवळी हेल्मेटं, कारखान्याच्या हॉलमध्ये पडद्यावर आलेख, मग समोसा, मग गेटसमोर फोटो. परत येताना बसमध्ये अंताक्षरी. कारखान्यात काम करणाऱ्या एकाही माणसाशी एकही मुलगा बोललेला नसतो, आणि माझ्या विषयाचं नाव मात्र ‘मनुष्य’ या शब्दाने सुरू होतं.

यंदा मी संचालकांना म्हटलं, मला मुलांना रायपूरला न्यायचंय.

“रायपूर? तिथे काय आहे?”

“माझे सर आहेत.”

ते हसले. त्यांना वाटलं मी पुढे काही सांगेन. पण खरं उत्तर तेवढंच होतं. शेवटी ते म्हणाले, “मोजकीच मुलं न्या, खर्च मुलांचा. आणि परत आल्यावर ‘लर्निंग आउटकम’ काय झाला ते मला सांगायचं. तो चांगला असेल तर पुढच्या वर्षी याचा विषय करू.”

तर ही पोस्ट त्या सहलीची. तुम्ही शिक्षक असाल आणि मुलांना पुस्तकाबाहेर न्यायचा विचार करत असाल, तर गाडी, राहणं, खाणं हे सगळं यात येईलच. पण आधी सरांबद्दल सांगते.

माझे बाबा रेल्वेत होते. आम्ही मूळ वर्ध्याकडचे, पण माझं बालपण आणि कॉलेज सगळं रायपूरला झालं. तिथेच एमबीए करताना वडोदकर सर आम्हाला कामगार कायदा शिकवायचे. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. सोमवार ते शुक्रवार ते कलमं शिकवायचे, तीही चांगली शिकवायचे. पण शनिवारी दुपारी त्यांचा एक तास असायचा, जो कुठल्याच वेळापत्रकात नव्हता. सर आम्हाला बीरगांवला न्यायचे. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांची ती वस्ती. तिथे प्रत्येकाने एका माणसाजवळ बसायचं आणि त्याचं ऐकायचं. प्रश्नावली नाही, लिहून घेणं नाही. पुढच्या शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर ते सांगायचं, पण ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ असं नाही. ‘मी’ म्हणून सांगायचं. ज्याची गोष्ट, तो माणूस समोर बसलेला असायचा. आपलं सांगणं संपेपर्यंत कोणी मधे बोलायचं नाही, आणि नंतर चूक काढायचा हक्क फक्त त्या एका माणसाचा. सरांचासुद्धा नाही.

मी तेव्हा रेल्वेच्या गँगमधल्या एका बाईची गोष्ट सांगितली होती. आज मला कामगार कायद्याची कलमं उघडून पाहावी लागतात. पण ती बाई उन्हाळ्यात रुळाला हात लावण्याआधी पदर कसा गुंडाळायची, ते मी आत्ता करून दाखवू शकते.

गाडी

पुण्याहून संध्याकाळी हावड्याकडे जाणारी गाडी पकडली की दुसऱ्या दिवशी दुपारी रायपूर येतं. स्लीपरने जा. हिवाळ्यात एसीची गरज नाही, आणि स्लीपरमध्ये माणसं बोलतात. तिकीट मात्र दोन महिने आधी काढा. सकाळी नागपूरला संत्री घेतली. गोंदियानंतर माझा जीव खिडकीत जाऊन बसला. डोंगरगडची टेकडी दिसली, वर देऊळ, आणि मला शाळेच्या सहलीत पायऱ्यांवर सांडलेला माझा डबा आठवला. मी मुलांना ती टेकडी दाखवली. त्यांनी मान वर केली, “नाइस, मॅम,” म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. आठवण आपली असते, खिडकी सगळ्यांची असते, हे मला कळायला हवं होतं.

मुलांमध्ये एक ओजस होता. वर्गातला पहिला. एका मोठ्या सल्लागार कंपनीत त्याची नोकरी पक्की झालेली. बोलतो छान, नको तितकं छान. त्याला विचारलं, तू काहून येतोयस? (गोंदिया ओलांडलं की माझी भाषा आपोआप बदलते.) तो म्हणाला, “मॅम, खरं सांगू? सीव्हीमध्ये ‘फील्ड इमर्शन’ लिहिता येईल.” खरं बोलला म्हणून मला तो आवडला.

स्टेशनजवळ स्वच्छ लॉज हजार-बाराशेत दोघांना मिळतात. आधी खोली बघून घ्या. शहरात हिंडायला ऑटो आणि ई-रिक्षा भरपूर आहेत. बसल्याबरोबर “भैया, कितना लोगे?” विचारायचं. मी तेच विचारलं आणि ऑटोवाल्याने आरशातून पाहत म्हटलं, “दीदी तो यहीं की लगती हैं.” इतकं बरं वाटलं, की पुढे भाव केलाच नाही.

संध्याकाळी मी एकटी आमचं रेल्वे क्वार्टर शोधायला गेले. ती ओळ पाडली आहे. तिथे आता पत्र्याचं कुंपण आणि आत मोकळी जमीन. पाण्याच्या टाकीवरून अंदाज बांधत मी उभी राहिले, इथे स्वयंपाकघर, इथे बाबांची सायकल. कुंपणाआडून पहारेकऱ्याने विचारलं, “किसको ढूंढ रहे हो?” काय सांगणार? म्हटलं, किसी को नहीं, भैया.

शंकर नगर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सरांकडे गेलो. शंकर नगरमध्ये दवाखाना आणि मोबाइलचं दुकान यांच्यामध्ये त्यांचं छोटं घर अजून उभं आहे. दार त्यांच्या नातीने उघडलं. रिद्धी, बारावीत आहे. मी मराठीत विचारलं, “सर आहेत का गं?” ती हिंदीत म्हणाली, “हां बुआ, आबा तो सुबह से तैयार बैठे हैं.” तिला मराठी सगळं कळतं, बोलायची मात्र तिला लाज वाटते. रायपूरच्या बहुतेक मराठी घरांत आता हेच आहे.

सर बारीक झाले होते. कानात यंत्र. पण आवाज तोच.

“काहून गं निलू, इतके पोट्टे घेऊन आली? एवढ्यांचे पोहे करावे लागन ना आता!”

पोहे झाले, वर जिलबी आली. रायपुरात सकाळी पोह्यांसोबत जिलबीच लागते, मुलांना आधी विचित्र वाटलं, मग पुन्हा मागून घेतली. सर प्रत्येकाला नाव, गाव, घरी कोण, असं विचारत होते आणि खरंच ऐकत होते, यंत्रावर हात ठेवून. मला वाटलं, झालं, आता हे लगेच चपला घालून निघतील. मी म्हटलं, “सर, उद्या शनिवार. बीरगांवला तुम्हीच तास घ्यायचा.”

सरांनी बशी खाली ठेवली. “तुम्ही जा. मी येत नाही.”

“काहून?”

“त्या गोष्टीले किती वर्षं झाले. ते झालं आता.”

मुलं बाहेर अंगणात गेल्यावर मी पुन्हा विषय काढला. मला माहीत होतं काय झालं होतं ते. आमच्या वेळच्या शेवटच्या सत्रात माझ्या वर्गातल्या सुधीरने बीरगांवच्या दुलारी नावाच्या बाईची गोष्ट सांगितली होती. तिच्या नवऱ्याची बोटं सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मशीनमध्ये गेली होती आणि ‘अपघात घरी झाला’ असं सांगायला त्याला भाग पाडलं होतं. सुधीर ती गोष्ट सांगत होता तेव्हा हॉलमध्ये पाहुणे म्हणून त्याच कारखान्याचे एक साहेब बसले होते, आणि त्याच कारखान्याने सुधीरला नोकरीसाठी निवडलं होतं. आठवड्याभरात सुधीरची निवड रद्द झाली. कॉलेजने शनिवारचा तास बंद केला. नंतर आम्ही पांगलो. बाबांची बदली झाली, माझं लग्न झालं, आणि सुधीर माझ्यासाठी वर्गाच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवणारा एक नंबर होऊन राहिला.

“दुलारीच्या नवऱ्याले नंतर गेटवर ड्युटी दिली त्यांनी,” सर म्हणाले. “गवगवा झाला ना, म्हणून. एकाची रोजी लागली, दुसऱ्याची गेली. हा सौदा मी केला निलू, त्या पोट्ट्याले न विचारता. पाहुणे मी बोलावले होते. कोण आहेत ते मी त्याले सांगितलं नव्हतं. त्याच्या बापाचं रिटायरमेंट तोंडावर होतं.”

“पण सर, तुम्ही...”

“तू तुझ्या पोट्ट्यांना ने. चांगलं ऐकायला शिकव. पण माझं नाव त्यात नको घेऊ.”

मी एवढ्या लांबून ज्या माणसासाठी आले होते, त्याने स्वतःच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे पाठ फिरवली होती. अंगणात मुलं हसत होती. रिद्धी त्यांना कुठल्या दुकानात फरा, म्हणजे तांदळाचे वाफवलेले मुटके, चांगला मिळतो ते सांगत होती. मला तिथून उठवेना.

बीरगांव

शहरातून बीरगांवला जायला शेअर ऑटो मिळतात, पण मुलं बरोबर असतील तर सरळ गाडी ठरवा. रस्त्यावर ट्रक फार. जसजसं उरल्याकडे जाल तसतशी झाडांची पानं राखाडी होत जातात, पांढरे कपडे घालू नका. आणि एक महत्त्वाचं: वस्तीत कोणाच्याही घरी आगाऊ निरोप न देता जाऊ नका. मी महिनाभर आधी दुलारी दीदीच्या मुलाशी फोनवर बोलून ठेवलं होतं.

दुलारी दीदी आता साठीच्या पुढे आहेत. पाऱ्यातल्या, म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या, बायका आधीच जमल्या होत्या. तांदळाच्या पिठाचे गरम चिले, टोमॅटोची चटणी. दीदींनी माझा चेहरा हातात धरून पाहिला.

“तैं वोही टूरी अस न, गुरुजी के? मोटा गे हस.”

मुलांना कळलं नाही ते बरं झालं. ‘तू तीच मुलगी ना, गुरुजींची? जाड झालीस,’ असं त्या म्हणाल्या होत्या.

मुलं दोन-दोन करून घरोघरी बसली. ओजस दीदींच्या नवऱ्याजवळ, मनहरण भैयांजवळ बसला. डाव्या हाताला बोटं दोनच, पण त्याच हातात बिडी. दुपारी आम्ही अंगणात गोल केला आणि मुलांनी सांगायला सुरुवात केली. कोणी अडखळलं, कोणी मधेच हसलं, पण बरं चाललं होतं. ओजसची पाळी आली. तो उठून उभा राहिला, शर्ट नीट केला.

“मी मनहरण. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं आव्हान माझ्या तिसाव्या वर्षी आलं. पण प्रत्येक संकटात एक संधी दडलेली असते...”

मी हळू आवाजात भैयांना हिंदीत सांगत होते. ओजसचं संपलं. टाळ्या झाल्या. भैयांनी धूर सोडला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “बने बोले हस बेटा. फेर ये ह मैं नोहंव.”

“काय म्हणाले?” ओजसने विचारलं.

“छान बोललास. पण हा मी नाही.”

ओजस लाल झाला. भैयांना वाईट वाटलं, त्यांनी त्याला स्वतःच्या ताटातला चिला दिला. तेवढ्यात दुलारी दीदींनी मला विचारलं, “अउ वो सुधीर बाबू कइसे हे? ओखर नौकरी लगिस फेर?”

मला माहीत नव्हतं. सुधीर कसा आहे, त्याला पुढे नोकरी लागली का, इतकी वर्षं एका ग्रुपमध्ये राहून मला माहीत नव्हतं. दीदी म्हणाल्या, त्या दिवशी हॉलमध्ये त्याने सगळं बरोबर सांगितलं होतं, फक्त हात चुकला होता. त्यांनी उठून सांगितलं होतं, डेरी हाथ रहिस बाबू, जेवनी नइ. डावा होता, उजवा नाही. “रोवत रहिस वो लइका,” त्या म्हणाल्या. रडत होता तो मुलगा.

परतताना गाडीत ओजस माझ्या शेजारी बसला. बीरगांव मागे पडलं. मग म्हणाला, “मॅम, त्या सुधीरचं पुढे काय झालं?”

“माहीत नाही.”

“तो इथेच आहे का?”

मी ग्रुप उघडला, फुलांच्या चित्राखालचा नंबर काढला, आणि फोन केला.

सुधीरचं दुकान

सुधीरचं पंखे आणि दिव्यांचं दुकान आहे, सरांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चालत! रविवारी सकाळी मी आणि ओजस तिथे गेलो. बाकीची मुलं रिद्धीबरोबर तेलीबांधा तलावावर हिंडायला गेली. (संध्याकाळी जा, दिवे लागतात तेव्हा. सकाळी नुसतं ऊन.)

सुधीरने मला ओळखलं आणि दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगण्याऐवजी स्वतःच उठून गेला. केस पांढरे, पोट सुटलेलं, हसू तेच वाकडं. इकडचं तिकडचं झालं. मी सरांचं नाव काढल्यावर तो पंख्याची पाती पुसायला लागला.

“बरे आहेत का ते?”

“बरे आहेत. त्यांना वाटतं त्यांनी तुझं वाटोळं केलं.”

सुधीरने दुसरी पाती पुसायला घेतली. तेव्हा ओजस पुढे सरकला. मला वाटलं आता हा काहीतरी छान बोलणार आणि सगळं बिघडवणार. पण तो एवढंच म्हणाला, “काका, मला काल एकाचं ऐकता आलं नाही. मी तुमचं ऐकू का?”

सुधीरने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हा बी तेच करून राहिला का, शनिवारवाला?”

“हव,” मी म्हटलं.

मी तिथून निघाले. त्या दोघांनी दुपारचं जेवण दुकानातच केलं असं नंतर कळलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ओजसचा फोन आला, “मॅम, काका सरांकडे यायला तयार आहेत. पण ते म्हणतात, मी बोलणार नाही. तू सांग.”

सरांची बैठक

मी सरांना आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते घरी राहिले नसते, अशी मला भीती होती. बैठकीच्या खोलीत मुलं जमिनीवर बसली होती, रिद्धी दारात. सुधीर आत आला, सरांच्या पाया पडला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. सरांचा हात कानाच्या यंत्रावर गेला आणि तिथेच राहिला. ओजस या वेळी उठला नाही. बसूनच बोलायला लागला.

“मी सुधीर. बाबा तहसील ऑफिसात कारकून. घरात मी पहिला, ज्याने टाय लावला. तो टाय शेजारच्या काकांचा होता. त्या दिवशी हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत कंपनीचे साहेब बसले होते. सरांना वाटतं, मला ते कोण आहेत माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता. त्यांनी मला पाहून मान हलवली होती. मी दुलारी दीदीकडे पाहिलं. ती बाई मजुरी बुडवून आली होती, नवी साडी नेसून. मला दुसरी कुठली तरी गोष्ट सांगता आली असती. मी तीच सांगितली.”

“सुधीर...” सर म्हणाले.

“सर,” सुधीर हळूच म्हणाला, “मधात बोलायचं नाही.”

ओजसने पुढे सुरू केलं.

“नोकरी गेली. बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मला वाटायचं, सर एकदा घरी येतील. बाबांना सांगतील की तुमच्या मुलाने काही वाईट नाही केलं. आई रोज म्हणायची, आज येतील. सर आले नाहीत. माझा राग त्याचा होता. नोकरीचा नव्हता. नोकऱ्या काय, मी दोन-तीन केल्या आणि सोडल्या, मग मामांबरोबर दुकान टाकलं. दुकान बरं चाललं. बाजारात सर दिसले की मी रस्ता बदलायचो.

“मग आई गेली. बाबा बोलेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मी दुकान लवकर बंद करून त्यांच्याजवळ बसायला लागलो. काही विचारायचो नाही. बसायचं मला येत होतं, ते मी बीरगांवला शिकलो होतो. पुष्कळ दिवस काही झालं नाही. एक दिवस बाबा म्हणाले, मी लहानपणी हार्मोनियम शिकायला घरून पळालो होतो, डोंगरगडला. मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसलो आणि ‘मी’ म्हणून त्यांची गोष्ट त्यांना सांगितली. म्हटलं, मी सायकल काढली आणि निघालो. बाबा म्हणाले, चूक. सायकल माझी नव्हती, मागून आणलेली होती. आणि हसले. त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. त्यानंतर ते जाईपर्यंत आम्ही बोलत होतो. एमबीएत मी काय शिकलो असं कोणी विचारलं तर मला हेच आठवतं. सरांना हे सांगायचं राहून गेलं.”

ओजस थांबला. नियमाप्रमाणे आता चूक काढायचा हक्क सुधीरचा होता.

“सगळं बरोबर आहे,” सुधीर म्हणाला. “एकच चूक. रस्ता मी बदलत नव्हतो. सर मले पाहून वळून जायचे.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

“हव,” सर म्हणाले. “मीच जात होतो. तुझ्या घरी कोणत्या तोंडानं आलो असतो रे?”

“याच तोंडानं, सर. आई चहा ठेवत होती तुमच्यासाठी.”

सरांनी चष्मा काढला. सुधीर उठून त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसला, आणि सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. रिद्धी आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, चहाचं आधण ठेवलं असावं. माझी मुलं, जी गाडीत टेकडीकडे पाहायला तयार नव्हती, ती जमिनीवर गुडघे धरून बसली होती आणि एकाच्याही हातात फोन नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी सुधीर गाडी घेऊन आला. सर पुढच्या सीटवर बसून आमच्यासोबत बीरगांवला आले. दुलारी दीदींनी त्यांना पाहून पदर डोक्यावर घेतला आणि मनसोक्त रागावल्या, इतके दिवस कुठे होता म्हणून. सर हात जोडून ऐकत होते. ओजस पुन्हा मनहरण भैयांजवळ बसला होता, या वेळी काही न बोलता. दुपारच्या गाडीची वेळ झाली तरी उठेना, शेवटी मी हाक मारली.

पुणे

परत आल्यावर संचालकांनी ओजसलाच बोलावलं. “तू टॉपर. सांग, आउटकम काय?” ओजस म्हणाला, “सर, मला अजून नीट सांगता येत नाही.” संचालक माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, मलाही मोजता येणार नाही. या मुलाला एरवी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच येतं, एवढं मात्र मी तुम्हाला सांगू शकते. विषय झाला नाही. गुण नाहीत, क्रेडिट नाही. आठवड्यातून एक दुपार मिळाली, ऐच्छिक. पहिल्या वेळी बाकं बरीच रिकामी होती. आमच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायका, गेटवरचे रखवालदार, यांच्यापासून सुरुवात केली आहे. कोणाला तुमच्या कॉलेजात हे करायचं असेल तर मोठी तयारी लागत नाही. ज्याची गोष्ट, त्याची परवानगी घ्या, आणि चूक काढायचा हक्क त्याला द्या. आणि पाहुण्यांना बोलवायचं असेल तर मुलांना आधी सांगा, हे सरांनी मला बजावून सांगितलं आहे.

मी रायपूरला गेले तेव्हा मला माझं जुनं गाव परत हवं होतं. ते मिळालं नाही, त्या जागी पत्र्याचं कुंपण आहे. पण परत आल्यापासून ते कुंपण मला फारसं टोचत नाही.

ही पोस्ट टाकण्याआधी मी सुधीरची, दुलारी दीदींची आणि सरांची परवानगी घेतली. खरी नावं कोणाचीच ठेवली नाहीत. सरांना तर फोनवर पूर्ण वाचून दाखवली. त्यांनी एकही शब्द मधे न बोलता ऐकली. मी विचारलं, “सर, काही चूक?”

“माझ्यातलं नाही,” ते म्हणाले. “पण तू सगळ्यांचं लिहिलं. तुझं काहीच नाही त्यात. त्या क्वार्टरमध्ये तुझ्या आईनं शेवटच्या दिवशी काय केलं होतं गं?”

मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. आई सामान गाडीत चढल्यावर परत आत गेली होती. बराच वेळ बाहेर आली नाही. मी पाहायला गेले तर रिकाम्या स्वयंपाकघरात ती जमीन पुसत होती.

“सर, मोठं आहे ते. वेळ आहे का तुम्हाला?”

“सांग,” सर म्हणाले. “मी बसून आहो.”